ऊमरा कापसाची प्रत

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या कापूस बाजारात वऱ्हाडचा माल ‘ऊमरा’ नावानं विकला जाई. अमरावतीचं हे व्यापारी रूप. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१-६५) तिकडचा पुरवठा आटला आणि भाव भडकले, तेव्हा या मालाचं महत्त्व एकदम वाढलं. हॅरी रिव्हेट-कार्नॅक हा मध्यप्रांत-वऱ्हाडाचा कॉटन कमिशनर झाला, १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि १८८६ मध्ये कारंज्याचा कापूस बाजार सरकारी नियमनाखाली आला.

प्रत मात्र हातानंच ठरे. जाणकार ढिगातून चिमूटभर रुई उचली, दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत धरून ओढी, तुटलेले पुंजके एकावर एक ठेवून पुन्हा ओढी. तंतू सरळ, समांतर झाले की लांबी डोळ्यांनी दिसे. रंग, कचरा, ओल, सगळं मनात जमा होऊन शेवटी एकच आकडा बाहेर पडे: भाव. १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेतही केंद्रावर ग्रेडरच्या नजरेला असाच मान होता, आणि ग्रेडवरून तंटेही होत.

हे कसब मोजमापात उतरवायचं काम मुंबईत माटुंग्याला त्याच्या कितीतरी आधीपासून चाललं होतं. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीनं १९२४ मध्ये तिथं तंत्रज्ञान प्रयोगशाळा उघडली. ए. जे. टर्नर आणि व्ही. वेंकटरामन यांनी १९३३ मध्ये, तंतूच्या गुणांवरून त्या कापसाचं सूत किती बारीक निघेल याचा अंदाज मांडला. अडचण अशी की हे गुण एकमेकांत गुंतलेले असतात: लांब धाग्याचा कापूस बहुधा तलमही असतो. मग आपण सहा गोष्टी मोजतो आहोत, की दोनच गोष्टी सहा प्रकारे?

मानसशास्त्रात हाच प्रश्न चार्ल्स स्पिअरमननं १९०४ मध्ये शाळकरी मुलांच्या गुणांबद्दल विचारला होता. त्यातून घटक विश्लेषण निघालं, म्हणजे अनेक मोजमापांमागचे मोजके घटक शोधायची रीत. इकडे वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांनी १९५४ च्या ग्रंथातून संख्याशास्त्र शेती-संशोधकांच्या हाती दिलं. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं. पंजाबराव देशमुखांचं नाव ते आजही मिरवतं. वाणांच्या अभ्यासात उंची, बोंडांची संख्या, बोंडाचं वजन, रुईचा उतारा यांचे परस्परसंबंध मोजणं नेहमीचं झालं. छापून येतं ते बहुधा सहसंबंधांचं कोष्टक. झाडवार नोंदींची वही क्वचितच छापली जाते.

सहा गुणांचं कोष्टक म्हणजे अवघे पंधरा आकडे, मग नमुने वीस असोत की दोन हजार. घटक शोधायला तेवढे पुरतात. एखाद्या गाठीचा घटक-गुण, म्हणजे त्या घटकावरचा तिचा आकडा, काढताना कोणत्या मोजमापाला किती भार द्यायचा, हेही त्यातून निघतं: प्रतिगमनाच्या पद्धतीनं किंवा मॉरिस बार्टलेटनं १९३७ मध्ये सुचवलेल्या पद्धतीनं. असे काढलेले घटक-गुण खऱ्या घटकाशी किती जुळतील, याचा अंदाजही कोष्टकच देतं. पण अमुक गाठीचा घटक-गुण किती, हे मात्र ते सांगत नाही.

कारण सहसंबंध काढतानाच सरासरी आणि प्रमाण विचलन गळून पडतात. लांबी इंचात मोजा की मिलिमीटरमध्ये, कोष्टक बदलत नाही. समजा, एका गाठीतल्या तंतूची लांबी २८ मिमी आहे. ज्या नमुन्यांची सरासरी २५ आणि विचलन २, त्यांच्यात ती गाठ अधिक दीडवर बसते. सरासरी २९ आणि विचलन २ असेल, तर तीच गाठ उणे अर्ध्यावर जाते. कोष्टक मात्र दोन्हीकडे तंतोतंत सारखं असू शकतं. भारांना गुणायला हा प्रमाणित आकडाच लागतो, आणि तो गाठीच्या मोजमापाशिवाय मिळत नाही.

संगणकाला सांगितलं तर तो त्याच कोष्टकाशी जुळणाऱ्या दोनशे कल्पित ओळी रचून देतो. त्यांतून घटक बरोबर निघतात, घटक-गुणही निघतात. फक्त ते ज्या गाठींचे, त्या कुठल्याच जिनिंगमध्ये बांधलेल्या नसतात. जुन्या लेखात कोष्टकासोबत सरासरी आणि विचलन छापलेलं असेल, तर वाट थोडी मोकळी होते. आज अकोल्यात मोजलेली नवी गाठ त्या जुन्या मापावर बसवता येते, वाण आणि मोजायची पद्धत फार बदललेली नसेल तर. त्या काळातल्या गाठींचे घटक-गुण मात्र मूळ वही सापडली तरच काढता येतात.