बाळापासून मागे

जन्मजात उपदंशाच्या अभ्यासाला येणाऱ्याने सुरुवात जंतूपासून करू नये, असे माझे मत आहे. जंतू केव्हाच ओळखीचा झाला. १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, पुढच्याच वर्षी रक्ताची चाचणी निघाली आणि १९४३ पासून पेनिसिलिन हाताशी आहे. आजार नवा असेल तर गर्भवतीला वेळेवर दिलेले २४ लाख युनिटांचे बेंझाथिन पेनिसिलिन पोटातल्या बाळालाही बहुधा वाचवते. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१६ या एका वर्षात जगात जन्मजात उपदंशाच्या ६ लाख ६१ हजार घटना घडल्या. त्या का घडतात, हे शोधणे हा या क्षेत्राचा गाभा.

त्यासाठी ब्राझील पाहावा. तिथे १९८६ पासून जन्मजात उपदंशाची आणि २००५ पासून गर्भवतींच्या उपदंशाची नोंद सक्तीची आहे. त्यामुळे बाळापासून मागे आईच्या गरोदरपणापर्यंत जाता येते. या आया तपासणीला फिरकल्याच नसतील, असे वाटते ना? त्यांतल्या बहुसंख्य आल्या होत्या. मग कुठे रिपोर्ट उशिरा हाती आला, कुठे शेवटच्या तिमाहीत रक्त पुन्हा तपासलेच नाही. कुठे रिअ‍ॅक्शनच्या भीतीने जवळच्या केंद्रात इंजेक्शन टाळले आणि बाईला दुसरीकडे पाठवले. प्रसूतीला ३० दिवसही उरले नसताना उपचार सुरू झाला, तर बाळ सुरक्षित धरता येत नाही. २०१४नंतर काही काळ तर पेनिसिलिनच मिळेना: इतके स्वस्त औषध बनवायला कारखानदार फारसे उत्सुक नसतात.

नवजात बाळ स्वतः फारसे सांगत नाही. लागण झालेली बरीच बाळे जन्मतः निरोगी दिसतात. काही आठवड्यांनी नाक वाहू लागते, तळहात-तळपायांवर पुरळ उठते. हाड दुखते म्हणून बाळ हात हलवत नाही आणि घरच्यांना तो लचकला असे वाटते. रक्त तपासावे, तर आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात आलेली असतात. म्हणून आईचे गरोदरपणातले कार्ड नीट वाचता येणे हे बालरोगतज्ज्ञाचेही कौशल्य आहे.

क्यूबाने २०१५ मध्ये आणि श्रीलंकेने २०१९ मध्ये आईकडून बाळाला होणारा हा संसर्ग जवळजवळ संपवल्याचे प्रमाणपत्र मिळवले. आपल्याकडेही गरोदरपणीच्या रक्ततपासणीत व्हीडीआरएल ही उपदंशाची चाचणी असते. पण ‘झाली’ अशी खूण पाहून थांबू नका. रिपोर्ट कधी आला, इंजेक्शन कोणत्या महिन्यात आणि कोणी दिले, हे विचारा.

या कामाला डॉक्टर पुरणार नाहीत. नर्स, आशाताई, लॅब टेक्निशियन, औषधसाठा सांभाळणारे, समाजशास्त्राचे विद्यार्थी, सगळ्यांचे इथे मनापासून स्वागत आहे. नवऱ्यावर उपचार झाले नाहीत तर बाईला पुन्हा लागण होऊ शकते. तिच्यावर घरात बोट न रोखले जाता त्याला दवाखान्यात कसे आणावे, हा प्रश्न तुमच्यापैकी कोणीतरी आपला मानावा, अशी माझी फार इच्छा आहे.