हलक्या धातूंचे पृष्ठसंरक्षण आणि घुग्घुसचे औद्योगिक पर्यावरण : एक ऐतिहासिक विवेचन

अ‍ॅल्युमिनियमला क्षरण होत नाही, ही सर्वसाधारण समजूत शास्त्रीय कसोटीवर टिकत नाही. हवेशी संपर्क येताच या धातूवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो व तोच त्याचे रक्षण करतो. परंतु हा थर साधारणतः 4 ते 8.5 सामूच्या मर्यादेतच टिकतो. त्याबाहेर, मग ते आम्ल असो वा अल्क, तो विरघळू लागतो.

या नैसर्गिक संरक्षणाची मर्यादा प्रकर्षाने जाणवली ती विमानविद्येत. जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिद्ध केलेल्या ड्युराल्युमिनमध्ये सुमारे 4 टक्के तांबे असे. तांब्यामुळे बळकटी आली, पण क्षरणरोध घटला. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्याने पोखरले जात. त्यावर उपाय म्हणून 1923 मध्ये इंग्लंडमध्ये बेंगॉफ व स्टुअर्ट यांनी क्रोमिक आम्लात तो भाग धनाग्र म्हणून ठेवून विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर जाड करण्याची पद्धत मांडली. हेच अ‍ॅनोडायझिंग. 1927 मध्ये गंधकाम्लाची पद्धत आली आणि पुढे ही प्रक्रिया खिडक्यांच्या चौकटींपर्यंत पोहोचली. आपल्याकडील कल्हईहून ती मुळातच वेगळी आहे : कल्हईत तांब्या-पितळेवर कथिलाचा परका लेप चढतो, येथे धातूचाच थर वाढविला जातो.

लेपांच्या परीक्षेचा इतिहासही समुद्राशीच निगडित आहे. 1939 मध्ये अमेरिकेत प्रमाणित झालेल्या क्षारफवारा चाचणीत 5 टक्के मिठाचे द्रावण वापरतात आणि आजही बहुतेक लेपांची गुणवत्ता याच चाचणीच्या तासांत सांगितली जाते.

वर्धा नदीच्या खोऱ्यातील घुग्घुस समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. येथे कोळसा खाणी, सिमेंट व स्पंज आयर्न हे उद्योग एकाच टापूत आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये चंद्रपूर औद्योगिक क्षेत्रास 83.88 गुणांक देऊन ते अतिप्रदूषित ठरविले होते. सिमेंटची धूळ दवाने ओली झाली की अल्कधर्मी बनते. कोळशाच्या ज्वलनातील सल्फर डायऑक्साइड आम्लता आणतो. म्हणजेच ऑक्साइडच्या थरावर दोन्ही बाजूंनी आघात होऊ शकतो आणि क्षारफवारा चाचणीत यांपैकी एकाचीही परीक्षा होत नाही. बांधकामावर गिलावा पूर्ण होईपर्यंत अ‍ॅनोडाइज्ड चौकटींना चिकटपट्टी लावून ठेवतात, ती ओल्या सिमेंटचे डाग पडू नयेत म्हणूनच. सिमेंट कारखान्याच्या परिसरात मात्र ही धूळ गिलाव्याबरोबर संपत नाही.