वाड्याच्या दिवाणजीपासून इमारतीच्या व्यवस्थापकापर्यंत



काटेपूर्णेचे पाणी अकोल्याला येते, अप्पर वर्ध्याचे अमरावतीला येते. धरणापासून आपल्या फाटकापर्यंत ते आणणे हे सार्वजनिक यंत्रणेचे काम. पण फाटकापासून गच्चीवरील टाकीपर्यंत ते चढवायचे कोणी? वीस-पंचवीस बिऱ्हाडांच्या इमारतीत आज हा प्रश्न पडतो, आणि त्यामागे एक इतिहास आहे.

वाड्यात तो पडत नसे. वाडा एकाचा, विहीरही त्याचीच. भाडे वसूल करणारा दिवाणजीच गळकी कवेलू बदलून घेई. काम होवो वा न होवो, गाऱ्हाणे कोणाच्या ओसरीवर न्यावयाचे हे भाडेकरूस ठाऊक असे.

ही घडी प्रथम बदलली मुंबईस. १९०४ चा सहकारी कायदा पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर कार्यांसाठीही संस्था स्थापण्याची मोकळीक मिळाली. तिचा लाभ घेऊन श्रीपाद सुब्राव तालमकी प्रभृतींनी १९१५ साली गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. इमारत संस्थेची आणि सभासद हेच तिचे भाडेकरू! घरमालक नाहीसा झाला नाही. तो सर्वांत वाटला गेला.

वऱ्हाड १९५६ साली मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. त्यामुळे पुढील कायदे आपल्यालाही लागू झाले. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने निवडलेली समिती, वार्षिक सभा व हिशेबतपासणी आवश्यक ठरविली. १९६३ च्या कायद्याने सदनिका विकणाऱ्या बांधकामदारावर खरेदीदारांची संस्था स्थापून मिळकत तिच्या नावे करून देण्याचे बंधन घातले. १९७० च्या कायद्याने दुसरी वाट दाखविली: सदनिका ज्याची त्याची, पण जमीन, जिना, गच्ची यांत प्रत्येकाचा अविभाज्य हिस्सा.

कायद्यांनी मालकी वाटून दिली, पण दिवाणजी दिला नाही. दारामागची फरशी सारेच पुसतात. जिन्यावरचा दिवा मात्र कोणाचाच नसतो. पंप जळाला की चिटणीस झालेल्या एखाद्या निवृत्त गृहस्थाच्या घरी रात्री बारालाही दार वाजते, आणि वर्षाअखेरीस हिशेबावरून बोलणी खावी लागतात तीही त्यालाच. पुढे कोणी चिटणीस व्हावयास धजत नाही.

म्हणून पगारी व्यवस्थापक शोधण्यात गैर काही नाही. मात्र केवळ दराकडे पाहून त्याला नेमू नये. तो सांभाळत असलेल्या दोन इमारती प्रत्यक्ष पाहाव्यात, तेथील रहिवाशांना विचारावे. पंप, लिफ्ट, झाडलोट, वीजबिल यांपैकी कोणती कामे त्याची, हे करारात लिहून घ्यावे. वर्गणी संस्थेच्याच बँकखात्यात जमा व्हावी, धनादेशावर समितीच्या सह्या असाव्यात, मोठ्या दुरुस्तीसाठी दोन-तीन दरपत्रके घ्यावीत. दप्तर इमारतीतच राहावे; व्यवस्थापक बदलला तरी ते जाता कामा नये.

एवढे करूनही वार्षिक सभेच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर सारे व्यर्थ होय. वाड्याचा मालक निदान महिन्याकाठी दिवाणजीची वही पाहत असे. आता ती वही पाहण्याचे काम आपल्याकडे आले आहे. ते पगारी माणसावर सोपविता येत नाही.