साठ सिलिंडर, दोन तालुके

साथीत खाटा, औषधे, प्राणवायू अपुरे पडतात, हे रायगडकरांना कुणी शिकवायला नको. एप्रिल २०२१ मध्ये देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमला निघाली ती आपल्याच जिल्ह्यातल्या कळंबोलीहून. आलेला साठा वाटायचा कसा, हा झाला प्रशासनाचा प्रश्न. पण वाटपाचा नियम एकदा ठाऊक झाला की माणसे कशी वागतील? गेम थिअरीचे काम इथून सुरू होते, आणि वाचकांनी या विषयाकडे याच दारातून यावे असे मला वाटते.

समजा, जिल्ह्याकडे ६० जम्बो सिलिंडर आहेत. कर्जतची खरी गरज ६० ची, खालापूरची २० ची. मागणीच्या प्रमाणात वाटले तर कर्जतला ४५, खालापूरला १५. खालापूरने मागणीपत्रात २० ऐवजी ६० लिहिले, की दोघांना ३०-३०. मग कर्जत तरी गप्प का बसेल? इथे लबाड कुणीच नाही. जो तो आपल्या वॉर्डातला रुग्ण जगवायला धडपडतो आहे; आकडे फुगवायला लावतो तो नियम. आता दुसरा नियम घ्या: दोघांना निम्मे-निम्मे, आणि एकाला नको असलेले दुसऱ्याला. खालापूर २०, कर्जत ४०. खोटा आकडा लिहून कुणाच्याच पदरात काही पडत नाही. मात्र सगळी तूट एकट्या कर्जतच्या माथी येते. खरेपणा आणि समन्याय यांची अशी ओढाताण या शास्त्रात पावलोपावली भेटेल. तिला कंटाळू नका, खरी गोडी तिथेच आहे.

लसीचेही तेच. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी आधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. कागदावर नियम सर्वांना सारखा. पण ज्याचा मोबाइल चपळ त्याचा स्लॉट पक्का. शहरातली मंडळी ग्रामीण केंद्रांवरचे स्लॉट घेऊ लागली, आणि कर्जत-खोपोलीपर्यंत तर मुंबईची लोकलच येते. त्याच दिवसांत वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकरी कुटुंबाने कोणता स्लॉट शोधायचा?

नवख्या वाचकांनी फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ च्या जाडजूड ग्रंथापासून सुरुवात करू नये. लस घ्यावी की इतरांच्या लसीवर विसंबावे, या पेचावरचे बाऊक आणि अर्न यांचे २००४ चे काम आधी पाहावे. मग पराग पाठक, सोन्मेझ, उन्व्हर आणि येन्मेझ यांनी २०२० मध्ये मांडलेली, लस आणि व्हेंटिलेटर यांच्या राखीव कोट्यांची पद्धत. समांतर आरक्षणाच्या निवडयाद्या बारकाईने वाचणाऱ्या मराठी वाचकाला ती परकी वाटणार नाही. किंबहुना परदेशी अभ्यासकांपेक्षा तुम्ही इथे चार पावले पुढेच असाल. राखीव डोस आधी भरले की खुले आधी, यावर अंतिम यादी बदलते. दहा डोस आणि पंधरा नावे घेऊन दोन्ही क्रमांनी यादी करून पाहा, मग पुढच्या प्रकरणांकडे वळा.