मोतीबिंदू पिकू देण्याच्या रीतीची कुळकथा

मोतीबिंदू पूर्ण पिकल्याशिवाय त्याची शस्त्रक्रिया करू नये, ही समजूत विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवरील लोणारसारख्या तालुक्यांत अजूनही टिकून आहे. ऑपरेशन थंडीत करावे, सोयाबीन-कापसाची कामे उरकल्यावर करावे, एक डोळा चालतो आहे तोवर दुसऱ्याची घाई करू नये, हे संकेतही तिच्या जोडीने चालत आले आहेत. या समजुतीला निव्वळ अज्ञान म्हणणे सोपे असले, तरी ते इतिहासाला धरून होणार नाही, कारण एके काळी ही रीत खुद्द शस्त्रवैद्यांनीच घालून दिली होती. ती मोडण्याची कारणे मात्र बहुतांशी गेल्या पन्नास वर्षांत पुढे आली, आणि त्यांतील एक महत्त्वाचे कारण ज्या भिंगात मोतीबिंदू होतो त्या भिंगात नसून त्याच्या पुढे असलेल्या कॉर्नियाच्या पेशींमध्ये आहे.

भारतातील सर्वांत जुनी ज्ञात पद्धत सुश्रुतसंहितेत वर्णिली आहे. तिच्यात गढूळ झालेला भाग सुईने दृष्टिमार्गातून बाजूला सारला जात असे. डोळ्यातून काही बाहेर निघत नसे. भिंग प्रत्यक्ष बाहेर काढण्याची रीत फ्रेंच शस्त्रवैद्य जाक दाव्हिएल याने 1747 मध्ये आरंभिली, आणि पिकण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेथून महत्त्वाचा झाला. अपक्व भिंगाचा चिकट, पारदर्शक भाग मागे राहून डोळा सुजे आणि भडके. पिकलेले भिंग मात्र आवरणातून बऱ्यापैकी सुटून येई. पुढे आवरणासकट सगळे भिंग काढण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा ही अडचण दूर झाली खरी, पण भिंगाविना राहिलेल्या डोळ्याला सुमारे 10 डायॉप्टरचा जाड चष्मा लागू लागला. त्यातून वस्तू सुमारे एकचतुर्थांशाने मोठ्या दिसत असल्यामुळे दुसरा डोळा चांगला असेल तर दोन्ही प्रतिमा जुळत नसत. म्हणून नजर जवळजवळ गेल्यावरच हात लावावा, हा सल्ला त्या काळाच्या मर्यादेत शहाणपणाचा होता.

या सगळ्या काळात शस्त्रवैद्याला न दिसणारी एक हानी होत होती. कॉर्निया, म्हणजे बुबुळासमोरचा सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा पारदर्शक पडदा, ज्याला शास्त्रीय मराठीत स्वच्छमंडल म्हणतात, त्याच्या आतल्या पृष्ठभागावर मधाच्या पोळ्यातील घरांसारख्या षट्कोनी पेशींचा एकच थर असतो. डोळ्यातील पाणी कॉर्नियात सतत झिरपत असते, आणि या पेशी ते पुन्हा बाहेर उपसून टाकतात, म्हणून पडदा पारदर्शक राहतो. प्रौढ माणसात प्रत्येक चौरस मिलिमीटरमध्ये अशा सुमारे 2500 ते 3000 पेशी असतात आणि वयाबरोबर त्या दरवर्षी अर्ध्या टक्क्याहून थोड्या अधिक कमी होत जातात. मेलेल्या पेशीची जागा नवी पेशी घेत नाही. शेजारच्या पेशी पसरून ती पोकळी भरतात. हा साठा चौरस मिलिमीटरला सुमारे 500 च्या खाली उतरला की उपसा अपुरा पडू लागतो, कॉर्निया सुजून धूसर होतो, आणि मोतीबिंदू गेला तरी नजर पुन्हा जाते.

जिवंत डोळ्यातील हा थर परावर्तित प्रकाशात पाहता येतो हे स्विस नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड फोग्ट याने विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवले होते, पण पेशी मोजता येतील अशी उपकरणे पुष्कळ उशिरा आली. डेव्हिड मॉरिस याने 1968 मध्ये त्यासाठी स्पेक्युलर सूक्ष्मदर्शक बनवला आणि 1970 च्या दशकाच्या मध्यास रुग्णांच्या डोळ्यांतील पेशींची छायाचित्रे घेणे शक्य झाले. तेव्हा शस्त्रक्रियेची किंमत आकड्यांत मांडता येऊ लागली. अमेरिकेतील दीर्घकालीन पाहणीत असेही आढळले की शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात पेशी कमी होण्याचा वार्षिक वेग पुढील दहा वर्षे सुमारे अडीच टक्के राहतो, म्हणजे नैसर्गिक वेगाच्या सुमारे चौपट.

दरम्यान हॅरॉल्ड रिडली याने लंडनमध्ये 29 नोव्हेंबर 1949 रोजी पहिले कृत्रिम भिंग बसवले होते, आणि चार्ल्स केलमन याने 1967 मध्ये ध्वनिकंपनांनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची फेको पद्धत मांडली होती. जाड चष्म्याची अडचण पहिल्या शोधाने मिटली, तर दुसऱ्याने छेद लहान झाला. पण प्लास्टिकच्या भिंगाचा ओझरता स्पर्शही या थराला सोलून काढतो, आणि कंपनांची उष्णता, द्रवाचा झोत व उडणारे तुकडे पेशी मारतात, हेही दिसून आले. यावर उपाय म्हणून डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात दाट, पारदर्शक जेल भरण्याची पद्धत आली. एन्ड्रे बालाझ याने कोंबड्याच्या तुऱ्यापासून शुद्ध केलेले सोडियम हायालुरोनेट 1980 च्या सुमारास शस्त्रक्रियेत वापरले जाऊ लागले. भारतात त्याच्या जोडीने सेल्युलोजपासून बनणारे स्वस्त जेल रूढ झाले.

भारतात 1976 मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. जागतिक बँकेच्या साहाय्याने 1994 पासून सात राज्यांत राबवलेल्या मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्राचा समावेश होता, आणि तंबूतील शिबिरांऐवजी रुग्णालयात शस्त्रक्रिया करून भिंग बसवण्यावर त्यात भर दिला गेला. आज लोणारच्या रुग्णाला तपासणीनंतर मेहकर-चिखलीमार्गे बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयाचा किंवा शेजारच्या जालना शहराचा रस्ता धरता येतो. ग्रामीण भागातील पिकलेल्या, तपकिरी मोतीबिंदूंसाठी बिनटाक्याची लहान छेदाची हातपद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिच्यात भिंगाचा गाभा अखंड बाहेर येत असल्याने तो कॉर्नियाला घासण्याचा धोका असतो. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातील तज्ज्ञांनी या हातपद्धतीची तुलना फेकोशी केली, आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत सहा आठवड्यांनंतर पेशींच्या हानीत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. म्हणजे कुशल हातांत स्वस्त पद्धत कॉर्नियालाही परवडते.

मोतीबिंदू पिकू देणे मात्र कोणत्याच पद्धतीत परवडत नाही. गाभा जितका कठीण, तितकी फेकोला अधिक ऊर्जा लागते. हातपद्धतीत तितकाच मोठा गाभा पेशींजवळून सरकवावा लागतो. आणि अतिपक्व भिंग फुगले किंवा पाझरले तर डोळ्यातील दाब वाढून पेशी शस्त्रक्रियेआधीच मरू लागतात. याचा अर्थ नजरेला अडथळा नसताना डोळ्याला हात लावावा असा नाही, कारण प्रत्येक शस्त्रक्रियेत काही पेशी जातातच. भिंगाचा रंग पाहून वाट बघण्याचा निकष जाड चष्म्याच्या युगाबरोबर संपला. माणसाचे रोजचे काम अडते आहे काय, आणि त्याच्या कॉर्नियात पेशींची शिल्लक किती आहे, हे दोन प्रश्न आता त्याच्या जागी आले आहेत. त्यांपैकी पहिल्याचे उत्तर घरातच मिळते, दुसऱ्याचे मात्र मशीन असलेल्या रुग्णालयात, आणि म्हणून जिथून असे रुग्णालय दूर पडते, तिथे वाट न पाहण्याचे महत्त्व अधिकच वाढते.