नर माशातील अंड्याचे प्रथिन

1970च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील ली नदीच्या परिसरात, सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्राच्या पाण्यात, काही विचित्र रोच मासे आढळले. त्यांच्यात नर आणि मादी या दोहोंची लक्षणे एकत्र होती. रोच जातीत नर आणि मादी वेगळे असतात. मग हे मासे असे का झाले?

याचे उत्तर शोधताना एका प्रथिनाचा फार उपयोग झाला. त्याचे नाव व्हायटेलोजेनिन. मादी माशाच्या यकृतात ते तयार होते, रक्तातून अंडाशयात जाते आणि अंड्यातील पिवळा बलक बनते. याचे जनुक नरातही असते, पण ते जवळजवळ निद्रिस्त असते. त्याला जागे करते इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक. ते यकृतातील पेशीत शिरून एका विशिष्ट प्रथिनाला चिकटते; ही जोडी डीएनएवर ठरावीक जागी बसते आणि जनुक कामाला लागते. म्हणून नराच्या रक्तात व्हायटेलोजेनिन सापडले, की त्याला कोठून तरी इस्ट्रोजेनसारखा पदार्थ मिळाला असे समजावे.

ब्रुनेल विद्यापीठातील जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांचे पिंजरे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात ठेवले. अवघ्या दोन-तीन आठवड्यांत माशांच्या रक्तातील हे प्रथिन ठिकाणानुसार 500 पटींपासून 1 लाख पटींपर्यंत वाढले. हे निष्कर्ष 1994 साली प्रसिद्ध झाले.

परंतु गुन्हेगार कोण, हे त्यातून कळत नव्हते. संशोधकांनी सांडपाण्यातील घटक वेगवेगळे केले आणि मानवी इस्ट्रोजेन-ग्राही बसवलेल्या यीस्टवर एकेक करून तपासले. 1998 साली उत्तर मिळाले : इस्ट्राडायॉल व इस्ट्रोन ही माणसाच्या शरीरातूनच बाहेर पडणारी संप्रेरके आणि काही ठिकाणी गर्भनिरोधक गोळीतील एथिनिल इस्ट्राडायॉल. काही नद्यांत मात्र लोकर धुण्याच्या साबणद्रव्यांपासून होणारे नोनिलफेनॉलही दोषी होते. अनेक किल्ल्यांनी एकच कुलूप उघडावे तसे हे झाले. एकट्या व्हायटेलोजेनिनवरून किल्ली ओळखणे शक्य नव्हते.

येथे संगणक मदतीला आला. 1990च्या दशकात एकाच काचपट्टीवर हजारो जनुकांची सक्रियता मोजण्याचे तंत्र निघाले. प्रत्येक रसायन काही जनुके वाढवते, काही दाबते. त्यांची मिळून एक नक्षी तयार होते. 2006 साली मानवी पेशींवरील औषधांच्या अशा नक्षींचा संग्रह करून, अनोळखी नक्षी त्यांच्याशी ताडून पाहण्याची रीत मांडली गेली. पुढे ती झेब्राफिश आणि फॅटहेड मिनो या माशांनाही लावण्यात आली.

दुसरा मार्ग डीएनएची अक्षरे वाचण्याचा. इस्ट्रोजेनची जोडी जेथे बसते ती जागा 1980च्या दशकात आफ्रिकी बेडकाच्या व्हायटेलोजेनिन जनुकाजवळ ओळखली गेली : जीजीटीसीए, मग कोणतीही तीन अक्षरे, मग टीजीएसीसी. ए समोर टी आणि जी समोर सी येतो, हे ध्यानात ठेवून मुलांना समोरची साखळी लिहून उलट वाचायला सांगावे. तीच अक्षरे पुन्हा मिळतात! झेब्राफिशचा जीनोम 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात असा शोध संगणक सहज घेतो. पण सावध राहायला हवे. ही दहा अक्षरे निव्वळ योगायोगानेही सुमारे 10 लाख जागांत एकदा जुळतात. झेब्राफिशची सुमारे 140 कोटी अक्षरे धरली, तर हजाराहून अधिक जागा योगायोगाच्याच निघतील. म्हणून अक्षरे जुळली एवढ्यावर थांबता येत नाही. ते जनुक खरोखर जागे होते का, हेही माशात पाहावे लागते.

आणि जनुक जागे झाले म्हणजे माशांची जात धोक्यात आली, असेही लगेच म्हणता येत नाही. त्याची परीक्षा कॅनडात झाली. कॅरेन किड आणि सहकाऱ्यांनी ऑन्टॅरिओमधील एका प्रायोगिक तलावात 2001 ते 2003 या काळात एथिनिल इस्ट्राडायॉल सोडले. प्रमाण होते लिटरला 5 ते 6 नॅनोग्रॅम, म्हणजे साधारण 20 कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम. नर व्हायटेलोजेनिन बनवू लागले आणि फॅटहेड मिनो तलावातून जवळजवळ नाहीसे झाले. पदार्थ सोडणे थांबवल्यावर काही वर्षांनी त्यांची संख्या पुन्हा वाढली.

युरोपीय आयोगाने 2012 साली नद्यांसाठी या पदार्थाची मर्यादा लिटरला 0.035 नॅनोग्रॅम सुचवली. 2013च्या कायद्यात मात्र ती आली नाही; पदार्थ केवळ निरीक्षण-यादीत गेला. सांडपाणी इतके स्वच्छ करायला मोठा खर्च येतो, आणि गोळी ही तर कोट्यवधी स्त्रियांची गरज आहे. हा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न संगणक सोडवून देणार नाही. आपल्या वर्गात त्यावर चर्चा जरूर घडवावी.