आत्मप्रौढीकडून आत्मनिवेदनाकडे : रॅपच्या इतिहासातील एक वळण

एखाद्या काव्यप्रकारातील निवेदक 'मी' कसा घडला, याचा शोध वाङ्मयेतिहासात नेहमी घेतला जातो. तो 'मी' वयाने वाढतो तेव्हा त्या प्रकाराचे काय होते, हा प्रश्न त्यामानाने उपेक्षित राहतो. रॅपच्या संदर्भात तो अपरिहार्य ठरतो. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्कने वाजविलेल्या संगीतापासून हिप-हॉपचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. या परंपरेतील रॅपचा एक प्रमुख संकेत म्हणजे आत्मप्रौढी. ज्यांना समाजव्यवस्थेने नगण्य ठरविले, त्यांनी शब्दांच्या बळावर स्वतःला अजिंक्य घोषित केले. पण अजिंक्य 'मी'ला वार्धक्य नसते. टुपाक शकूर १९९६ मध्ये पंचविसाव्या, तर नटोरियस बी.आय.जी. १९९७ मध्ये चोविसाव्या वर्षी मारला गेला. साहजिकच, प्रौढत्वाचा आदर्श या दोघांकडून पुढच्यांना मिळू शकला नाही.

ब्रुकलिनच्या मार्सी वसाहतीत वाढलेला शॉन कार्टर ऊर्फ जे-झी (जन्म १९६९) याच्या '४:४४' (२०१७) या तेराव्या स्टुडिओ अल्बमचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. २००३ मध्ये 'द ब्लॅक अल्बम'च्या वेळी त्याने निवृत्ती जाहीर केली होती. २००६ मध्ये तो परतला. सत्तेचाळिसाव्या वर्षी केलेल्या या दहा गीतांच्या अल्बममध्ये मात्र पुनरागमनाचा जल्लोष नाही. पहिल्याच गीतात निवेदक आपल्या 'जे-झी' या प्रतिमेला समोर उभे करून तिचा अंत मागतो. शीर्षकगीतात तो पत्नी बियॉन्से हिच्याशी केलेल्या प्रतारणेची कबुली देतो. तिच्या 'लेमोनेड' (२०१६) या अल्बमनंतर आलेली ही कबुली दोन संहितांमधील संवादच ठरते. 'साँग क्राय' (२००१) या त्याच्याच जुन्या गीताशी तुलना केल्यास अंतर स्पष्ट होते. तेथे निवेदक स्वतः रडत नाही, ते काम गाण्यावर सोपवितो. येथे अशी पळवाट नाही.

निर्माता नो आय.डी. याची ध्वनियोजनाही आशयाला पूरक आहे. नीना सिमोन, स्टीव्ही वंडर, डॉनी हॅथवे यांच्या गीतांचे ध्वनिखंड म्हणजे मागील पिढीचा आवाज. 'स्माइल'मध्ये कवीची आई ग्लोरिया कार्टर स्वतःच्या समलिंगी ओळखीविषयी बोलते, तर 'लेगसी'चा प्रारंभ मृत्युपत्राविषयी मुलीने विचारलेल्या प्रश्नाने होतो. एकट्या वीराचा 'मी' अशा प्रकारे आई आणि मुलगी यांच्यामध्ये, वंशपरंपरेत, उभा राहतो.

तथापि या आत्मनिवेदनाला निखळ पश्चात्ताप मानणे भाबडेपणाचे होईल. 'द स्टोरी ऑफ ओ. जे.'मध्ये वंशभेदाच्या दाहक जाणिवेशेजारीच किंमत वाढलेल्या चित्राचा आणि हातून निसटलेल्या स्थावर मालमत्तेचा हिशेब येतो. उधळपट्टीची प्रौढी मागे पडून संचयाची प्रौढी पुढे आली, एवढेच येथे घडले, असा आक्षेप घेता येतो. अल्बम प्रथम टायडल या त्या वेळी कवीची मालकी असलेल्या सेवेवर प्रसृत झाला, हे लक्षात घेतल्यास कबुली हीदेखील विक्रीयोग्य वस्तू बनते.

हा आक्षेप खरा असला तरी अपुरा आहे. आत्मप्रौढी येथे नाहीशी झालेली नाही. तिला भूतकाळ प्राप्त झाला आहे. आपण चुकलो होतो असे म्हणण्यासाठी निवेदकाला आधी जगून पुढे यावे लागते. ज्या परंपरेतील दोन अग्रणी पंचविशीही ओलांडू शकले नाहीत, तिच्यात असा निवेदक निर्माण होणे हीच इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय घटना आहे. पुढे २०२० मध्ये नॅसने 'किंग्ज डिसीज'पासून नव्या अल्बमांची मालिका सुरू केली, तेव्हा पन्नाशीकडे झुकलेला कवी हा रॅपमधील अपवाद राहिला नव्हता.